रिलीव्हर नसलेलं पोस्टिंग : डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ ते १९४२

सोलापुरात डॉ. कोटणीसांची ओळख करून द्यावी लागत नाही. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, चीनहून पाहुणे आले की त्यांना तिथे नेलं जातं, आणि इथे शाळा शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी त्यांच्यावर निबंध लिहिलेला असतो. त्या निबंधांत दोन गोष्टी हमखास असतात : ते चीनला गेले आणि तिथेच वारले. मधल्या चार वर्षांत त्यांनी रोज उठून काय काम केलं, कुणाच्या हुकमाखाली केलं, हाताशी काय होतं, याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. हे टिपण त्या चार वर्षांचं आहे.

मी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात नोकरी केली. आता वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका यांच्या प्रशिक्षणात हे प्रकरण चर्चेला घेतो. घेण्यामागे कारण आहे. लोकांच्या सेवेसाठी म्हणून निघालेला एक नागरी डॉक्टर दीड-दोन वर्षांत युद्धातल्या सैन्याचा वैद्यकीय अधिकारी झाला आणि पुढे एका अख्ख्या इस्पितळाचा प्रमुख. त्याच्यामागे ना सरकार होतं, ना खातं, ना सेवाशर्ती. अशा माणसाने यंत्रणेची उणीव कशाने भरून काढली आणि कुठे ती भरून निघाली नाही, हा या प्रकरणाचा गाभा आहे. डॉक्टरांच्या कामगिरीबद्दल मला अतोनात आदर आहे. त्यांच्या मृत्यूकडे मात्र आपण फार लवकर हात जोडून मोकळे होतो, असं माझं मत आहे, आणि ते पुढे सविस्तर मांडतो.

माणूस आणि निमित्त

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळचं वेंगुर्ल्याकडचं, मोठं मध्यमवर्गीय कुटुंब. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते. ते विशीत असताना त्यांच्या गावात काय घडलं होतं हे सोलापूरकरांना ठाऊक आहे : मे १९३० मध्ये काही दिवस इंग्रजांची सत्ता शहरातून उठली, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. या घटनांचा कोटणीसांच्या निर्णयाशी थेट धागा जोडण्याचा मोह होतो. मी जोडत नाही. एवढंच म्हणेन, की सरकार आणि देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या गावातल्या त्या पिढीला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने हल्ला चढवला. त्या वर्षाअखेर चिनी कम्युनिस्टांच्या एट्थ रूट आर्मीचे सरसेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं, वर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले अलाहाबादचे मदनमोहन अटल प्रमुख. नागपूरचे चोळकर वयाने सर्वांत मोठे. कलकत्त्याचे देबेश मुखर्जी आणि बिजयकुमार बसू, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघालं. मुदत साधारण एक वर्षाची धरलेली होती. वर्षभर काम करायचं आणि परत यायचं.

दुसरा रस्ता : आय.एम.एस.

प्रकरण समजून घ्यायचं तर इथे थोडं थांबून त्या काळातला नेहमीचा रस्ता पाहिला पाहिजे. नागरी डॉक्टरने लष्करी गणवेश चढवणं ही हिंदुस्थानात नवी गोष्ट नव्हती. इंडियन मेडिकल सर्व्हिस, म्हणजे आय.एम.एस., ही सेवाच दुहेरी होती. तिचे अधिकारी मूळचे लष्करी. त्यातले बरेच जण शांततेच्या काळात नागरी कामावर असत. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन, तुरुंगाचा अधीक्षक, मेडिकल कॉलेजातला प्राध्यापक अशा जागांवर ही मंडळी बसलेली असत आणि युद्ध पेटलं की त्यांना परत पलटणीत बोलावता येई. सरकारच्या हिशेबात ते युद्धासाठी राखून ठेवलेलं मनुष्यबळ होतं. दुसऱ्या महायुद्धात तेही पुरेना, तेव्हा खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना तात्पुरतं कमिशन दिलं गेलं, आणि १९४३ मध्ये सगळ्या शाखा एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभी राहिली.

या रस्त्याने गेलेल्या डॉक्टरला कॅप्टनचा हुद्दा मिळे, पगार, रजा, पेन्शन मिळे. आजारी पडला तर त्याला मेडिकल बोर्डापुढे उभं केलं जाई, आणि बोर्डाने अनफिट ठरवलं की स्वतःची इच्छा काही असो, त्याला घरी जावं लागे. त्याच्या जागी दुसरा येई. खात्यात आपण ज्याला ‘रिलीव्ह होणं’ म्हणतो, ती सोय युद्धातही होती.

कोटणीस या रस्त्याने गेले नाहीत. त्यांना पाठवणारी काँग्रेस स्वतःच परक्या सरकारशी लढत होती. ज्या सैन्यात ते पोचले त्याची तर औपचारिक हुद्द्यांची पद्धतही नव्हती. हातात जे काम दिलं तेच पद. चिनी सैन्यात रीतसर हुद्दे आले ते १९५५ मध्ये. कोटणीस अधिकारी झाले ते कामामुळे.

मुंबई ते येनान : पाहुण्यांचं वर्ष

सप्टेंबर १९३८ मध्ये पथक हाँगकाँगमार्गे कँटनला उतरलं. स्वागताला सुंग चिंगलिंग, म्हणजे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन यांच्या पत्नी, होत्या. तिथून हँको. पण ऑक्टोबरात आधी कँटन पडलं आणि पाठोपाठ हँकोही. पथक माघार घेणाऱ्या गर्दीबरोबर इचांग आणि मग चुंगकिंगला सरकलं. हे महिने कुणालाच समाधान देणारे नव्हते. युद्धात मदत करायला आलेल्या डॉक्टरांना पाहुण्यासारखं मागे ठेवलं जात होतं, आणि आम्हाला आघाडीवर पाठवा हा त्यांचा धोशा होता.

चुंगकिंगमध्ये कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. प्रशिक्षणात या टप्प्यावर मी नेहमी विचारतो : तुम्ही काय केलं असतं? बहुतेक जण खरं उत्तर देतात, परत आलो असतो. कोटणीसांकडे परतायला पुरतं कारण होतं, कुणी बोट ठेवलं नसतं. ते थांबले. वर्ष भरेपर्यंत काम करायचं कबूल केलंय, येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर, पोचायच्या आधीच परत फिरायचं नाही, असा त्यांचा पवित्रा होता. पुढच्या सगळ्या निर्णयांची चाल इथे दिसते : घेतलेलं काम अर्धं टाकायचं नाही. त्यांचा सर्वांत मोठा गुण हाच होता आणि चार वर्षांनी हाच त्यांच्यावर उलटला.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. शहर आधीच जपानी विमानांनी झोडपलं होतं आणि माणसं, शाळा, दवाखाने सगळे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये राहत होते. मुंबईच्या परळमध्ये शिकलेल्या शल्यविशारदाला मातीच्या छताखाली शस्त्रक्रिया करायची सवय इथे लागली. राखाडी-निळसर सुती गणवेश अंगावर आला तो इथेच. नावांना ‘ह्वा’ हे चीन सुचवणारं अक्षर जोडलं गेलं आणि कोटणीस ‘को तिह्वा’ झाले. चिनी बायाबापड्या आजही त्यांना याच नावाने ओळखतात.

१९३९ मध्येच चोळकर आणि मुखर्जी मायदेशी परतले. ठरलेली मुदत संपत आली होती, त्यांचं परतणं पूर्ण नियमात होतं. त्याचा उल्लेख कमीपणा दाखवायला कधी करू नये. चोळकर तर आयुष्याच्या उतारावर एवढ्या लांब आले होते.

गणवेश ते जबाबदारी

नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, बसू आणि कोटणीस येनान सोडून आघाडीकडे निघाले. वुताई पर्वताच्या भागात कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून काम करत होते, त्यांना जाऊन मिळायचं होतं. पण १२ नोव्हेंबरला बेथ्यून गेले. हातमोज्यांवाचून शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, त्यातून रक्तात विषबाधा झाली. पेनिसिलिन अजून वापरात आलेलं नव्हतं.

हा प्रसंग पुन्हा वाचावा असा आहे. ज्यांच्या हाताखाली शिकायला जायचं तो माणूस त्याच कामाच्या जोखमीने मेला, आणि हे तिघं ते कळल्यावरही पुढे गेले. वाटेत ते चू तेह यांच्या मुख्यालयात पोचले. ज्यांच्या पत्रामुळे हे सगळं सुरू झालं त्यांची आता समोरासमोर गाठ पडली. पुढे अटल यांची तब्येत बिघडली आणि त्यांना माघारी जावं लागलं. पाचांचे दोन उरले. १९४० च्या मध्यावर बसू आणि कोटणीस शान्सी-चाहार-होपै सीमाभागात पोचले. हा प्रदेश जपानी ठाण्यांच्या आणि रेल्वेमार्गांच्या मागे, शत्रूच्या पोटात होता. सेनापती होते न्ये रोंगचन.

ऑगस्ट १९४० मध्ये एट्थ रूट आर्मीने शंभराहून जास्त रेजिमेंट्स उतरवून उत्तर चीनमधल्या रेल्वे आणि ठाण्यांवर एकाच वेळी हल्ला चढवला. या मोहिमेत कोटणीस आघाडीला लागून असलेल्या शस्त्रक्रिया केंद्रावर होते. तेरा दिवसांत आठशेच्या वर जखमी त्यांच्या पथकाकडे आले आणि पाचशेहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या असं चिनी नोंदी सांगतात. सलग बहात्तर तास ते टेबलापासून हलले नाहीत, हीही गोष्ट तिथे सांगितली जाते.

या आकड्यांनी भारावून जाण्याआधी काम कसं चालायचं ते जवळून पाहू. बेथ्यूननी घालून दिलेला नियम होता : जखमी डॉक्टरकडे येण्याची वाट बघायची नाही, डॉक्टरने जखमीकडे जायचं. शस्त्रक्रियेचं सगळं साहित्य खेचरांच्या पाठीवर बसेल अशा पेट्यांमध्ये भरलेलं. पेट्या उतरवल्या, उघडल्या की थोड्या वेळात टेबल तयार. टेबल म्हणजे कुणाच्या तरी घराच्या दाराची काढलेली फळी. हीच फळी आधी स्ट्रेचर म्हणून जखमीला घेऊन आलेली असे. खोली म्हणजे गावातलं एखादं घर, नाहीतर देऊळ. शस्त्रक्रिया झाली की जखमी जाणार ‘कांग’वर. उत्तर चीनच्या घरांत विटांचा मोठा ओटा असतो, खालून चुलीचा धूर खेळवून तो उबदार ठेवतात, घरची सगळी माणसं त्यावर झोपतात. वॉर्डातली खाट तीच. बँडेज वापरून झाली की धुवायची, उकळायची, वाळवायची आणि पुन्हा वापरायची.

अशा ठिकाणी सर्जनचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे वेळ. गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा आत जाताना कपड्याची चिंधी आणि माती घेऊन जातो. पहिल्या काही तासांत जखम उघडून मेलेलं मांस कापून काढलं तर हातपाय वाचतात. दिवस उलटला की गँगरीन, मग पाय कापणं, आणि कधी तेवढ्यानेही भागत नाही. जंतुसंसर्ग रोखणाऱ्या सल्फाच्या गोळ्या मिळाल्या तर मिळाल्या. त्यामुळे सर्जनचं केंद्र लढाईपासून किती अंतरावर आहे, यावर शेकडो माणसांचं जगणं-मरणं ठरत होतं. कोटणीस आघाडीजवळ राहण्याचा आग्रह धरत, त्याला शौर्याबरोबर ही वैद्यकीय बाजू होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. सापाने चावलेला माणूस तालुक्याच्या गावी न्यायचा की प्रतिविषाची इंजेक्शनं आपल्याच केंद्रात ठेवायची, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

संचालकपद, आणि जानेवारी १९४१

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. ठिकाण होपै प्रांतातल्या तांग परगण्यातलं गेगोंग गाव. वय तीस. बसू पुढे येनानला परतले, आणि मूळ पथकातला एकच माणूस सीमाभागात उरला.

नेमणुकीची वेळ बघण्यासारखी आहे. त्याच महिन्यात दक्षिणेला आन्ह्वी प्रांतात कोमिंतांगच्या, म्हणजे केंद्र सरकार चालवणाऱ्या पक्षाच्या, फौजांनी कम्युनिस्टांच्या न्यू फोर्थ आर्मीवर हल्ला केला. जपानविरुद्धची दोघांची युती कागदावर राहिली आणि केंद्र सरकारकडून एट्थ रूट आर्मीला मिळणारा पैसा-पुरवठा बंद झाला. औषधांच्या पेट्यांची एक वाट सुंग चिंगलिंग यांच्या समितीमार्फत हाँगकाँगहून होती. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँगच जपान्यांनी घेतलं. १९४१ च्या उन्हाळ्यानंतर उत्तर चीनमधल्या जपानी फौजेने गावंच्या गावं साफ करण्याच्या मोहिमा लावल्या. सगळं जाळा, सगळ्यांना मारा, सगळं लुटा, असं धोरण म्हणून त्या कुप्रसिद्ध आहेत. म्हणजे या माणसाच्या हाती चार्ज आला तो नेमका तिन्ही बाजूंनी दोर कापले जात असताना.

पक्कं इस्पितळ बांधण्याचा एक प्रयोग आधी झाला होता. बेथ्यूननी १९३८ च्या सप्टेंबरात एक आदर्श इस्पितळ उभारलं, आणि काही दिवसांतच जपान्यांनी ते उद्ध्वस्त केलं. तेव्हापासून सगळ्यांना कळलं होतं, की इथे इमारत म्हणजे निशाण. कोटणीसांचं इस्पितळ गावात विरघळलेलं होतं. शत्रूची मोहीम आली की रुग्ण घराघरांत वाटायचे, जड सामान पुरायचं, कर्मचाऱ्यांनी छोट्या तुकड्या करून डोंगरात शिरायचं, आणि रान मोकळं झालं की परत जमायचं. गावकऱ्यांनी जखमींना आपल्या घरचा म्हणून लपवणं हा या व्यवस्थेचा कणा होता, आणि त्या लपवण्याची किंमत गावकऱ्यांनी जिवाने मोजली.

पण मला या टप्प्यातलं सर्वांत मोठं काम दुसरंच वाटतं. इस्पितळाला जोडून वैद्यकीय शाळा होती. विद्यार्थी म्हणजे खेड्यांतली तरुण पोरं-पोरी, अनेकांचं शालेय शिक्षणही जेमतेम. कोटणीसांनी त्यांना शस्त्रक्रिया शिकवली ती चिनीतून. चिनी भाषा त्यांनी चीनमध्ये आल्यावर उचलली होती, तरी दोन-अडीच वर्षांत वर्गापुढे उभं राहून शरीरशास्त्र समजावण्याइतकी पक्की केली. दुभाष्या मध्ये ठेवला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. बेथ्यूननाही दुभाष्या लागे. शिवाय शस्त्रक्रियेवरचं एक पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिलं आणि दुसरं, अधिक सविस्तर, लिहायला घेतलं.

सीमाभागात तालीम मिळालेले सर्जन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका डॉक्टरने दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या तरी त्याच्या दोन हातांनी किती होणार? त्याने शिकवलेली माणसं दहा ठिकाणी पोचली तर हिशेबच बदलतो. हे ओळखून टेबल सोडून फळ्याकडे वेळ देणं फार अवघड असतं, कारण टेबलावरचा जखमी समोर कण्हत असतो आणि फळ्यावरच्या धड्याचं फळ कुणाच्या दिसण्यात येत नाही. कोटणीसांनी दोन्ही केलं. दिवसा एक, रात्री दुसरं.

घर

जून १९४० मध्ये बेथ्यूनच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची भेट क्वो चिंगलान यांच्याशी झाली. त्या परिचारिका होत्या आणि त्याच वैद्यकीय शाळेत शिकवत. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन; ते न्ये रोंगचन यांनी सुचवलं. त्याआधी ७ जुलै १९४२ रोजी, युद्धाला पाच वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, कोटणीसांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचं सदस्यत्व घेतलं होतं.

काहींना हे सदस्यत्व अडचणीचं वाटतं आणि ते गाळून चरित्र सांगतात. तसं करू नये. काँग्रेसने पाठवलेला माणूस कुठल्या पक्षात गेला यावर आपलं मत काही असो, तो त्याने डोळसपणे घेतलेला निर्णय होता, आणि तो वगळला तर पाहुणा डॉक्टर ते त्या सैन्याचा स्वतःचा अधिकारी हा प्रवासच कळत नाही.

शेवटचे महिने

१९४२ मध्ये त्यांना अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, झटके येत होते. सहकाऱ्यांनी आणि वरिष्ठांनी विश्रांती घ्या, उपचारासाठी मागे जा असं सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. ८ डिसेंबरच्या रात्री झटके सुरू झाले ते एकामागून एक येत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे गेगोंगमध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरं पाठ्यपुस्तक अर्धवट राहिलं.

माझा आक्षेप आहे तो इथे. ‘कामापुढे त्यांनी आजाराची पर्वा केली नाही’ हे वाक्य आपण कौतुकाने लिहितो. अपस्मारात अपुरी झोप झटके ओढवून आणते, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. झटका शुद्ध येण्याआधी पुन्हा आला आणि असं चालूच राहिलं, तर तो जिवावरचा प्रसंग असतो. फेनोबार्बिटोन हे झटके रोखणारं औषध १९१२ पासून वापरात होतं, पण नाकेबंदी झालेल्या डोंगरात ते नियमित कुठून येणार? उरलेला एकच उपाय म्हणजे झोप आणि कामाचा भार हलका करणं, आणि तो कुणाच्याही हाती नव्हता, कारण रजा मंजूर करणारा, बोर्ड बसवणारा आणि जागी दुसरा पाठवणारा कुणी नव्हताच. आय.एम.एस.मधला कॅप्टन पहिल्या-दुसऱ्या झटक्यानंतर अनफिट होऊन घरी गेला असता, कदाचित कुरकुरत, पण जिवंत.

एका प्रशिक्षणात अक्कलकोटकडच्या एका सिस्टरनी हे माझ्यापेक्षा नेमकं मांडलं.

“सर, तिथं सगळ्यांत मोठे डॉक्टर तेच ना? मग त्यांना तपासायचं कोण?”

मी म्हटलं, हाताखालचे डॉक्टर होते, सांगितलंही होतं त्यांनी.

“सांगतात वो सर. आमच्याकडं पण एमओ सर तापात ओपीडी काढतात, आम्ही सांगतो, घरी जावा. ते ऐकतात होय? वरून ऑर्डर आली तरच माणूस उठतो खुर्चीतनं.”

सेनापतींकडून हुकूम निघायला हवा होता, असं मी या प्रकरणावरून म्हणतो. हे म्हणताना १९४२ सालचा सीमाभाग कसा होता हे विसरत नाही. हुकूम काढला असता तरी माणूस जाणार कुठे, हा प्रश्न खराच होता. येनानपर्यंतची वाट जपानी ठाण्यांमधून जात होती. पण मागच्या एखाद्या शांत गावात बसवून फक्त शिकवायला आणि लिहायला लावणं, एवढं शक्य होतं असं मला वाटतं. त्यांच्याकडून सैन्याला सर्वांत जास्त हवं होतं तेही तेच.

नंतर

माओंनी श्रद्धांजलीत लिहिलं, की सैन्याने मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने मित्र. पुढे शिजियाचुआंगच्या हुतात्मा स्मारकात बेथ्यूनबरोबर कोटणीसांचीही समाधी झाली, आणि इस्पितळही त्याच शहरात स्थिरावलं. ते आजही बेथ्यूनच्या नावाने चालू आहे. बसू १९४३ मध्ये मायदेशी परतले आणि बऱ्याच वर्षांनी चीनमध्ये अॅक्युपंक्चर शिकून आले. आपल्याकडे ती पद्धत रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. चीनने १९८२ मध्ये कोटणीसांवर टपाल तिकिटं काढली, भारताने १९९३ मध्ये. चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटतात, हा रिवाज १९६२ चं युद्ध होऊनही तुटला नाही.

यिनह्वा वडिलांप्रमाणे वैद्यकाकडे वळला आणि पदवी हाती येण्याच्या बेतात असताना १९६७ मध्ये वारला. क्वो चिंगलान २०१२ पर्यंत जगल्या. त्यांचं आयुष्य हे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते मराठीत कुणीतरी नीट लिहायला हवं. आपण त्यांना ‘डॉक्टरांची चिनी पत्नी’ एवढ्यावर सोडून देतो, हे बरोबर नाही. त्याच सैन्यातल्या त्या परिचारिका आणि शिक्षिका होत्या, त्याच मोहिमांमधून डोंगर तुडवत होत्या, आणि तान्हं मूल घेऊन.

चर्चेच्या शेवटी मी प्रशिक्षणार्थींना एक काम देतो. तुम्ही इस्पितळातले उपप्रमुख आहात, महिना सप्टेंबर १९४२, संचालकांना झटके येताहेत. सेनापतींच्या नावे एक पानाचा अर्ज लिहा. काहीजण सरळ बदली मागतात, पण बदलीवर येणार कोण हे त्यांना लिहिता येत नाही. काहीजण रात्रीच्या शस्त्रक्रिया वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडे सोपवतात आणि संचालकांना सकाळचा तास आणि पाठ्यपुस्तक एवढंच ठेवतात. त्या सिस्टरनी आपल्या अर्जात आणखी एक ओळ घातली होती : संचालक किती वाजता झोपतील हे ठरवण्याचा अधिकार परिचारिका क्वो यांना लेखी द्यावा. आजवर वाचलेल्या अर्जांपैकी मला हाच सर्वांत अंमलात येण्याजोगा वाटला, आणि नव्या तुकडीला मी तो नमुना म्हणून दाखवतो.